आधी मूळच्या कळा

राई, भाईंदर (प.)

चि. भाच्यास,

अल्बमच्या दुकानात बसायला लागलास, आणि फोटोशॉपचे सगळे शॉर्टकट आपल्या सोयीने बदलून घ्यायचं तुझ्या डोक्यात आहे. घाई करू नकोस. आधी मूळच्या कळा बोटांत बसू देत. मग ज्या कामाला मुळात कळच नाही, तेवढ्यालाच नवी दे.

शॉर्टकट कशाला हवेत, हे गावातल्या एखाद्या हळदीचं काम हातात आलं की समजेल. आगरी हळद रात्र चढेपर्यंत चालते; फोटो तीन हजार धर. एका फोटोमागे दोनच सेकंद वाचले, तरी नुसत्या निवडीत एक तास चाळीस मिनिटं वाचतात. लाइटरूममध्ये कॅप्स लॉक चालू ठेवून हवा त्या फोटोला पी, नको त्याला एक्स दाब. पुढचा फोटो आपोआप समोर येतो. खरा फायदा मात्र नजरेचा आहे. नवरीच्या गालावरची पुटकुळी काढायची, पण शेजारची हळद पुसायची नाही, अशा वेळी ब्रश सारखा लहान-मोठा करावा लागतो. दर वेळी नजर मेनूकडे वळली की चेहऱ्यावरून सुटते, आणि हळद पुसली जाते ती तिथेच.

यावर तू म्हणशील, ब्रशच्या कळा म्हणजे चौकटी कंस, ते कीबोर्डच्या उजव्या टोकाला; उजवा हात तर माऊसवर. मग त्या डावीकडे आणल्या तर काय बिघडलं? मुद्दा चोख आहे, आणि फोटोशॉप तसं करूही देतं. पण विंडोजवर आल्ट दाबून माऊसचं उजवं बटण धरून आडवं ओढलं, तरी ब्रश लहान-मोठा होतो. ही सोय आधीपासून आहे. बदलायला निघालेल्यांना बहुधा तीच ठाऊक नसते.

मूळ रचना पवित्र आहे, असं मात्र मी म्हणत नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये फोटोशॉपवाल्या अडोबीनेच कंट्रोल-झेडचा अर्थ बदलला. पूर्वी ती कळ एकच पाऊल मागे-पुढे करायची, आता एकामागून एक मागे नेते. ज्यांना जुनी सवय मोडवेना, त्यांच्यासाठी शॉर्टकटच्या खिडकीत जुनी पद्धत निवडायची सोय ठेवली. बदल लागतो तो असा, कारण असलेला. फ्लॅटन इमेज किंवा गॉशियन ब्लर यांना मुळात कळ नाही. रोज लागत असतील तर खुशाल दे. अल्बमवर नावं मराठीत टाकायला दुसरा कीबोर्ड लावशील, तेव्हा डावे आल्ट-शिफ्ट विंडोजची भाषा बदलतील, आणि फोटोशॉपच्या कितीतरी शॉर्टकटमध्ये नेमक्या त्याच दोन कळा आहेत. ती खोड विंडोजच्या सेटिंगमध्येच मोडायची.

आता एआयच फोटो निवडून देतं, मग हे कशाला, असंही कोणी सांगेल. देऊ दे की. पण आजीचे डोळे मिटलेले असले तरी तो फोटो ठेवायचा की नाही, हे अखेर माणूसच ठरवतो, आणि ठरवल्यावर कळ दाबावीच लागते.

बदल करायचेच तेव्हा कंट्रोल-आल्ट-शिफ्ट-के दाब, आपल्या नावाचा वेगळा संच कर, त्याची फाइल पेनड्राइव्हवर ठेव. दुकानातला संगणक तुझ्या एकट्याचा नाही. उठताना मूळ संच परत लावून ऊठ.

तुझा,
मामा