कॉम्प्युटर, लागणीची तारीख आणि तोडणीचा नंबर



हंगाम सुरू झाला की सुपा गटात एक तक्रार हमखास कानावर येते. "शेजाऱ्याची लागण माझ्या मागची, पण टोळी त्याच्या फडात आधी. कॉम्प्युटरनं माझा नंबर मागं टाकला." यंत्राला ना भाऊबंदकी, ना गावकी. मग ते नंबर लावते कसे, हे आपण सर्वांनी एकदा समजून घेऊ. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन या दोघांनी अ‍ॅपल-२ या टेबलावर मावणाऱ्या कॉम्प्युटरसाठी 'व्हिसिकॅल्क' नावाचा प्रोग्राम आणला. दिवाणजींचा आखीव कागद असतो ना, तसेच त्याचे रूप. उभे रकाने, आडव्या ओळी. फरक एवढाच की, रकान्यात आकड्याऐवजी हिशेबाची रीतही ठेवता येते. समजा, आपला ऊस ४२.३५० टन भरला व दर ३००० रुपये धरला, तर बिल झाले १,२७,०५० रुपये. दरात टनाला ५० रुपये वाढले, तर कागदावर सगळे खोडून पुन्हा मांडावे लागते. इथे दराचा एकच आकडा बदलला की बिल आपोआप १,२९,१६७ रुपये ५० पैसे होते, आणि त्याच दराला जोडलेली इतर सर्व बिलेही बदलतात. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, १९८३ मध्ये त्यावर 'लोटस १-२-३' आले आणि ही सोय जगभरच्या कचेऱ्यांत पोचली.

दुसरा प्रकार नोंदवहीचा. त्यात 'डीबेस' हा प्रोग्राम फार चालला. सभासद नंबर, गाव, क्षेत्र, उसाची जात, लागण तारीख असे रकाने पाडायचे, नोंदी भरायच्या आणि सांगायचे की तारखेप्रमाणे ओळीने लाव. आपला तोडणी प्रोग्राम ज्या तत्त्वावर बसतो, ते हेच. मात्र त्या काळी जागा फार तोकडी. आयबीएमच्या पहिल्या पीसीच्या फ्लॉपीत १६० किलोबाइट मावत. एक नोंद ८० अक्षरांत बसवली, तर जेमतेम दोन हजार नोंदी. म्हणून लांबलचक नावांऐवजी नंबर व कोड वापरणे सोयीचे पडे.

आता खरी मेख पाहा. 'डीबेस थ्री प्लस' मुळात अमेरिकी पद्धतीने तारीख वाचत असे, म्हणजे आधी महिना, मग दिवस. 'सेट डेट ब्रिटिश' ही आज्ञा दिली तरच ते आपल्यासारखी तारीख वाचे. ती द्यायची राहिली आणि १० जानेवारी १९८८ ची सुरू लागण १०/१/८८ अशी भरली, तर यंत्र ती १ ऑक्टोबर १९८८ समजणार! सुरू ऊस एका फटक्यात पूर्वहंगामी ठरला आणि तोडीला एक हंगाम मागे गेला. १५ तारीख असती, तर पंधरावा महिना नसल्याने यंत्र अडले असते. पण १२ च्या आतली तारीख ते बिनतक्रार गिळते. यंत्र खोटे बोलत नाही, पण चुकीची नोंदही तितक्याच टापटिपीने छापून देते.

यात नुकसान कुणाचे? नोंद मागे पडली, तर ऊस उन्हाळ्यापर्यंत उभा राहतो. आपल्याकडे मार्चनंतर विहिरी तळाला जातात. ऊस वाळतो, वजन घटते, खोडव्यालाही उशीर होतो. नोंद पुढे सरकली, तर कोवळा ऊस गाळपाला येतो व उतारा पडतो. एफआरपी कारखान्याच्या उताऱ्याशी बांधलेली आहे. म्हणजे एकाच्या चुकीच्या तारखेची झळ थोडीथोडी सर्वांनाच.

वारणानगरचे उदाहरण घेऊ. तिथे १९९८ मध्ये सुमारे ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' योजना सुरू झाली आणि गावोगावी कॉम्प्युटर केंद्रे उघडली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी सात गावांत आठ महिने तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिले. ते स्वस्त पडले व शेतकऱ्यांना अधिक आवडले. २००७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. यंत्र मोठे असो की खिशातले, सभासदाला हवी असते ती आपल्या उसाची अचूक माहिती वेळेवर.

तेव्हा आमचे सांगणे असे :

१) लागण झाली की ती तारीख घरच्या वहीत लिहून ठेवा. महिना अक्षरांत लिहा.

२) दोन प्लॉट वेगळ्या दिवशी लावले असतील, तर नोंदी वेगळ्या करा.

३) नोंदीची पावती घेताना तारीख, क्षेत्र, जात व हंगाम वाचून पाहा. वाचता येत नसेल, तर मुला-मुलीकडून वाचून घ्या.

४) फरक दिसला तर लगेच गट कार्यालयात या. टोळी शेजारच्या फडात उतरल्यावर नंबर बदलणे कठीण जाते.

कॉम्प्युटरला आपले शिवार दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त आपण सांगितलेली तारीख. ती बिनचूक सांगणे आपल्याच हाती आहे.

— ऊस विकास अधिकारी