हलव्याचे दागिने : नोकरीच्या जोडीने एक व्यवसाय

तुमच्यापैकी अनेक जण दिवसभर नोकरी किंवा घरकाम करून रात्री हे पुस्तक उघडत असाल. एकाच दिवसात दोन कामे बसवणे म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. अशाच दुहेरी कामाचा एक प्रकार या पाठात आपण पाहणार आहोत : नोकरी सांभाळून घरी दागिने घडवणे आणि विकणे. दागिने म्हटले की सोने किंवा मोती डोळ्यांपुढे येतात. आपण मात्र साखरेच्या दागिन्यांचे उदाहरण घेऊ.

मकरसंक्रांत बहुधा १४ जानेवारीला, तर कधी १५ जानेवारीला येते. २०२४ साली ती १५ जानेवारीला होती. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी नेसवून हलव्याच्या दागिन्यांनी सजवण्याची पद्धत मराठी घरांत आहे. मुकुट, नथ, मंगळसूत्र, बाजूबंद, कमरपट्टा असा सगळा साज पांढऱ्याशुभ्र हलव्याचा असतो आणि काळ्या वस्त्रावर तो उठून दिसतो. जावयालाही हार घालतात. लहान बाळाच्या बोरन्हाणासाठी छोटा मुकुट, हार आणि बासरी करतात. ही लगबग रथसप्तमीपर्यंत चालते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही ही रीत जपली आहे. त्यामुळे या दागिन्यांना महाराष्ट्राबाहेरही मागणी असते.

हलवा करणे हे सबुरीचे काम आहे. तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घेऊन मंद आचेवर ठेवतात. त्यावर साखरेचा पाक चमच्याने थोडा थोडा सोडतात आणि बोटांच्या टोकांनी दाणे हळुवार फिरवत राहतात. एक थर वाळला की दुसरा. असे अनेक थर बसल्यावर दाण्यावर बारीक काटा उभा राहतो. तो काटा हीच हलव्याची शोभा. आच वाढली तर साखर पिवळी पडते. पाक एकदम जास्त ओतला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. हवेत दमटपणा असेल तर काटा नीट येत नाही आणि आलेला टिकत नाही. म्हणूनच कोरड्या थंडीचे दिवस या कामाला सोयीचे. नथीसाठी खसखशीचा बारीक दाणा लागतो, हारासाठी साबुदाण्याचा टपोरा दाणा चालतो. तयार हलवा विकत आणून केवळ दागिने करणारे पुष्कळ आहेत. ज्याच्याकडे वेळ मोजका आहे त्याने तसेच करावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दागिना घडवताना दोऱ्याच्या गाठींत एकेक दाणा अडकवून माळ करतात किंवा पुठ्ठ्याचा आकार कापून त्यावर दाणे चिकटवतात. मध्ये सोनेरी कागद, टिकल्या, रंगीत मणी यांची जोड देतात. या कामात घाई केली की काटा झडतो, आणि एकदा झडलेला काटा पुन्हा येत नाही.

आता अशी कल्पना करा, की इंदूरमधील एका खासगी कंपनीत हिशेबनीस असलेली एक स्त्री हा व्यवसाय करू पाहते. तिच्याकडे कला आहे, भांडवलही फारसे लागत नाही. मग अडचण कोठे येते? अडचण येते ती वेळेत. सोमवार ते शनिवार रोज रात्री २ तास आणि रविवारी ६ तास, असे आठवड्याला १८ तास तिला मिळतात. १ डिसेंबरपासून १० जानेवारीपर्यंत जवळजवळ ६ आठवडे, म्हणजे सुमारे १०५ तास. सुनेच्या एका पूर्ण साजाला ६ तास लागत असतील, तर कागदावर १७ साज होतात. परंतु कागदावरचे तास आणि हाताला मिळणारे तास यांत फरक असतो. कार्यालयात वर्षअखेरीचे काम निघते, घरात कोणी आजारी पडते, पाहुणे येतात. म्हणून तिने १२ साजांच्या वर मागणी घेऊ नये. तेराव्या घराला नम्रपणे नकार देणे तिला जड जाईल, कारण ते घर बहुधा ओळखीचेच असेल. परंतु होकार देऊन समारंभाच्या सकाळी अर्धवट साज पोहोचवणे त्याहून वाईट. पहिली संक्रांत पुन्हा येत नाही, आणि चार दिवस उशिरा आलेल्या मुकुटाचा त्या सुनेला काहीच उपयोग नसतो.

दुसरा प्रश्न किमतीचा. समजा, एका साजाला हलवा, मणी, पुठ्ठा, दोरा मिळून २५० रुपयांचे सामान लागले आणि डबा व पोहोचवणी यांना ७० रुपये पडले. एकूण ३२० झाले. शेजारीण म्हणते, ‘‘अहो, घरीच तर करता, ४०० घ्या की!’’ हा आकडा ऐकायला बरा वाटतो. हिशेब मात्र असा आहे, की ८० रुपये हाती उरतात आणि ते ६ तासांचे आहेत. म्हणजे तासाला १३ रुपयेसुद्धा जेमतेम. तासाचे निदान ८० रुपये धरले तर मजुरी ४८० होते आणि साजाची किंमत ८०० रुपये ठरते. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, गावोगावचे दर निराळे असतात.) पगार मिळत असल्यामुळे आपल्या मजुरीचा हिशेब न करण्याची सवय अशा व्यवसायात सहज लागते. त्याचा फटका इतरांनाही बसतो. ज्या स्त्रियांचे घर याच कामावर चालते, त्यांना मग आपल्या मालाला योग्य भाव मिळवणे कठीण होते.

बाळाच्या दागिन्यांबाबत एक गोष्ट पैशांहून महत्त्वाची आहे. बाळ हातातली वस्तू तोंडात घालणारच. दाणा सुटला तर तो त्याच्या घशात अडकू शकतो. टाचणी, तार, टिकली आणि डिंकाचा धोका वेगळाच. म्हणून बाळाच्या दागिन्यांत टाचणी व तार मुळीच वापरू नये, दाणे दोऱ्यात घट्ट बांधावेत, आणि ‘हे खाण्यासाठी नाही, बाळावर लक्ष ठेवून थोडाच वेळ घालावे’ अशी चिठ्ठी डब्यात ठेवावी. तयार दागिने घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावेत. मुंग्या आणि दमट हवा हे या मालाचे दोन हाडवैरी.

नियमांची बाजूही पाहिली पाहिजे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय व्यापार किंवा व्यवसाय करता येत नाही. राज्य शासनांचेही असे नियम आहेत. खासगी नोकरीत नेमणूकपत्रातील अटी वाचाव्यात आणि शंका असल्यास लेखी विचारून घ्यावे. व्यवसायाचे उत्पन्न आयकर विवरणपत्रात पगाराबरोबर दाखवावे लागते, मग ते कितीही लहान असो. त्यासाठी खरेदीच्या पावत्या जपाव्यात आणि जमाखर्चाची निराळी वही ठेवावी. सूक्ष्म उद्योगांसाठी १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ ही नोंदणी सुरू झाली असून सरकार तिच्यासाठी शुल्क घेत नाही.

हा व्यवसाय वर्षातून दोन-अडीच महिन्यांचा आहे. पावसाळ्यात हलवा टिकवणे अवघड, आणि रथसप्तमीनंतर तो कोणी मागत नाही. काहींना ही उणीव वाटेल. नोकरी करणाऱ्याला मात्र हे मोसमी काम सोयीचे पडते. कारण उरलेल्या महिन्यांत रात्रीचे दोन तास तिचे स्वतःचे असतात. दिवाळीनंतर पहिला कोरडा आठवडा आला, की पुठ्ठ्याचे आकार कापायला घ्यायचे आणि मागणीची वही उघडून पहिल्या पानावर बारा ओळी आखायच्या.

स्वाध्याय

१. सुनेच्या साजाला ६ ऐवजी ८ तास लागले, तर पाठातील स्त्रीने किती मागण्या स्वीकाराव्यात? तुमच्या उत्तराचे कारण लिहा.

२. ‘‘घरीच तर करता’’ या वाक्यामागील समजूत कोणती? तिला उत्तर देणारा संवाद आठ-दहा ओळींत लिहा.

३. तुमच्या गावात सणासाठी हाताने केली जाणारी एखादी वस्तू निवडा. ती करणाऱ्या व्यक्तीला भेटून सामानाचा खर्च, लागणारे तास आणि विक्रीची किंमत विचारा व तासाची मजुरी काढा.