दोन ऑपरेशनं, एक घर

आधी यांची बायपास झाली आणि काही महिन्यांनी माझा उजवा गुडघा बदलला. आम्ही दोघंही सत्तरी ओलांडलेली, राहायला सांगलीत, ऑपरेशनं मिरजेत. मुलगी पुण्यात, मुलगा टोरांटोला. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि यांच्या एस.टी.तल्या जुन्या सहकाऱ्यांनी आम्हाला पुन्हा पायावर उभं केलं. त्या दिवसांत जे उमगलं, ते आमच्या वयाच्या जोडप्यांसाठी लिहिते आहे.

१. दोघांची ऑपरेशनं पाठोपाठ उरकू नयेत.
माझा गुडघा आधीपासूनच दुखत होता. ‘एकदाच काय ते होऊन जाऊ दे,’ असं सांगणारेही भेटले. मी थांबले. बायपासमध्ये छातीचं हाड मधोमध कापतात आणि नंतर तारेनं बांधतात. ते पक्कं सांधायला दोन-तीन महिने जातात. तोवर भरलेली बादलीसुद्धा उचलायची नसते, मग असा माणूस दुसऱ्याला काय सावरणार? यांच्या डॉक्टरांनी नेहमीच्या कामांना परवानगी दिली, तेव्हाच मी माझी तारीख घेतली.

२. कामं नावानिशी वाटावीत.
‘काही लागलं तर सांगा,’ असं सगळे मनापासून म्हणतात. पण आजारपणात काय लागेल ते सुचत नाही, आणि सुचलं तरी सांगायला जीभ रेटत नाही. माझ्या भावजयीनं हे ओळखलं. तिनं वही घेऊन प्रत्येकाच्या नावापुढे काम लिहिलं. दुपारचा डबा तिच्याकडे, रात्रीची भाकरी-भाजी समोरच्या वहिनींकडे, औषधं आणि मेडिक्लेमचे कागद पुतण्याकडे, आंघोळीला नर्सिंग ब्युरोची बाई.

परदेशातला मुलगा काय करणार, असं सगळ्यांना वाटत होतं. त्याला आम्ही रात्र दिली. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तिकडे दिवस असतो. यांना रात्री झोप लागायची नाही, जीव घाबरा व्हायचा. मग हे त्याला फोन लावायचे आणि तो हातातलं काम बाजूला ठेवून बोलत बसायचा. कधी क्रिकेट, कधी त्याच्या लहानपणीच्या गोष्टी. तेवढ्या वेळात मी निवांत झोपायची. ती झोप मिळाली नसती, तर दिवसाची सेवा माझ्या हातून झाली नसती.

३. ऑपरेशननंतर भ्रम झाला तर खचू नये.
हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आयसीयूत एका रात्री यांना काही कळेनासं झालं. अक्कलकोटची गाडी सुटली का, असं सिस्टरना विचारत होते, हाताची सलाईन ओढत होते. मेंदूलाच काही झालं म्हणून मुलीला रडू फुटलं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. वय, मोठं ऑपरेशन, औषधं, मोडलेली झोप, दिवस-रात्र जळणारे दिवे, या सगळ्यामुळे पुष्कळ वयस्क रुग्णांना असा भ्रम होतो आणि बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो. मात्र डॉक्टरांच्या कानावर तो लगेच घालायचा, कारण कधी त्यामागे जंतुसंसर्ग असतो, कधी रक्तातला ऑक्सिजन किंवा क्षार कमी झालेले असतात.

औषधांइतकाच उपयोग साध्या गोष्टींचा झाला. पुतण्यानं यांचा चष्मा आणि श्रवणयंत्र घरून आणलं. भेटीच्या वेळेत तो आत जायचा आणि वाद न घालता सांगत राहायचा, ‘काका, आज गुरुवार आहे. आपण मिरजेत दवाखान्यात आहोत. काकू बाहेर बसलीय.’ हळूहळू हे भानावर आले. दवाखान्यात जाताना चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र असं सगळं एका पिशवीत नाव घालून न्या. आमच्या मुलांनी हे आधी वाचलं असतं, तर त्या रात्री एवढी घाबरली नसती.

४. मायेनं हात ओढू नये.
भेटायला आलेलं माणूस आधी हात धरून उठवायला जातं. बायपास झालेल्याचा हात ओढला की ताण थेट छातीच्या हाडावर येतो. आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो, पाठीला आधार द्या, हात ओढू नका. खोकताना हे छातीशी उशी घट्ट धरायचे.

माझ्या वेळी मुलीनं गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी ती काढून टाचेखाली दिली. गुडघा वाकवून ठेवला की बरं वाटतं, पण पुढे तो सरळ व्हायला त्रास देतो. त्यांनी जिन्याचा नियमही पाठ करून घेतला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

५. आजारी माणसालाही काम द्यावं.
बायपासनंतर यांना कशानंही रडू यायचं. जेवणाची चव गेली होती. हेही पुष्कळांना होतं. त्यातून यांना बाहेर काढलं ते डेपोतल्या एका मित्रानं. रोज सकाळी यायचे, आधी घराच्या बोळात आणि मग आमराईत यांना चालवायचे. आजाराबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत.

मग माझी पाळी आली, तेव्हा यांनी वही हातात घेतली. माझ्या गोळ्यांच्या वेळा, बर्फाचा शेक, पायाचे व्यायाम, सगळ्यांची नोंद. आयुष्यभर डेपोचा हिशोब ठेवलेला माणूस! मी कळवळून म्हणायची, ‘अहो, आता पुरे.’ हे म्हणायचे, ‘अजून चार राहिलेत.’ माझा गुडघा सुधारला त्यात या मोजणीचा मोठा वाटा आहे, आणि यांच्या चेहऱ्यावर जुनं तेज आलं तेही याच कामामुळे.

६. खर्चाची चौकशी आधीच करावी.
२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजना खुली झाली आहे. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात, मात्र नवरा-बायकोत ही रक्कम सामाईक असते. आपल्या ऑपरेशनसाठी त्या रुग्णालयात या योजनेचं कार्ड चालतं का, हे भरती होण्याआधी विचारा.

७. ‘मुलांना कशाला त्रास’ म्हणून दुखणं लपवू नये.
आमच्या पिढीला ही सवयच आहे. पण पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, जखमेतून पू किंवा पाणी आलं, थंडी वाजून ताप आला, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. आणि दम लागला किंवा छातीत दुखू लागलं, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. आधी १०८ ला फोन करा, मुलांना त्यानंतर कळवा.