पाणी, पीक आणि पड : बालीतील सुबक व खानदेशातील फड

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम व आरम या नद्यांच्या काठी फड पद्धतीने शेती भिजविण्याची वहिवाट सुमारे तीनशे वर्षांपासून चालत आली आहे. नदीत दगडी बंधारा घालावयाचा, त्यावरून पाट काढावयाचा, आणि पाटाखालील जमीन मोठमोठ्या तुकड्यांत, म्हणजे फडांत, विभागावयाची. साधारणपणे एका बंधाऱ्याखाली चार फड असतात. एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाते. यंदा ज्या फडात ऊस आहे, तेथे पुढे हंगामी पीक येते आणि ऊस दुसऱ्या फडाकडे सरकतो. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन एकाहून अधिक फडांत विखुरलेली असल्यामुळे पाणी कमी पडलेल्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी तोटा एकट्याच्या माथी येत नाही.

या व्यवस्थेत शेतकरी स्वतः पाटाचे दार उघडीत नाही. पाणी देण्याचे काम बारेकऱ्याचे, राखणीचे काम जागल्याचे, त्यांच्यावर देखरेख हवालदाराची आणि पाटाची निगा पाटकऱ्याची. या सर्वांचा मेहनताना पूर्वी धान्याच्या रूपाने दिला जाई. हंगामापूर्वी पाटातील गाळ काढण्यास प्रत्येक घरचा माणूस येई. कोणत्या फडास किती पाणी मिळणार हे पंच मंडळी पेरणीपूर्वीच ठरवीत. त्यामुळे पीक उभे असताना भांडणास फारसे कारण उरत नसे.

अशीच एक व्यवस्था हिंदी महासागराच्या पूर्व टोकाशी असलेल्या बाली बेटावर आढळते. हे बेट इंडोनेशियाचा भाग असून आकाराने पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. मध्यभागी ज्वालामुखी पर्वत, त्यांच्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे आणि खोल दऱ्यांतून वाहणाऱ्या नद्या असे त्याचे स्वरूप आहे. तेथील बहुसंख्य लोक हिंदू आहेत. भाताची देवता त्यांच्याकडे देवी श्री या नावाने ओळखली जाते. त्यांचे एक पंचांग शक गणनेचे असून नववर्षाचा न्येपी हा दिवस मौन पाळून व घराबाहेर न पडता घालविला जातो. इ. स. २०२३ मध्ये न्येपी आणि आपला गुढीपाडवा २२ मार्च या एकाच दिवशी आले होते.

एकाच पाटावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांच्या संघटनेस बालीत ‘सुबक’ म्हणतात. तिचा उल्लेख अकराव्या शतकातील लेखांत मिळतो. प्रत्येक सुबकाचा एक प्रमुख असतो, त्यास पेकासेह म्हणतात. नियम लिहून ठेवलेले असतात, आणि पाटाच्या कामास गैरहजर राहणाऱ्यास दंड होतो. पाण्याची वाटणी खाचा पाडलेले लाकडी ओंडके पाटात आडवे बसवून केली जाते. ज्याचा जितका हिस्सा, तितक्या रुंदीची खाच. मोजणीसाठी दुसरे यंत्र लागत नाही. पाटाच्या उगमाशी, खाचरांच्या मध्ये आणि अखेर बाटुर सरोवराच्या काठी पाण्याची देवळे आहेत. तेथे पूजाअर्चा होते हे तर खरेच; परंतु लावणी केव्हा करावयाची आणि कोणत्या गटाने आधी करावयाची, हेही तेथेच ठरते.

देवळातील हा निर्णय किती मोलाचा होता, हे तो मोडल्यानंतर कळले. इ. स. १९७० नंतरच्या दशकात तेथे लवकर तयार होणाऱ्या नव्या भातजाती आल्या, आणि जमेल तितक्या वेळा लावणी करण्याचा सल्ला शेतकऱ्यांस देण्यात आला. वर्षात अधिक पिके निघू लागली. परंतु जुने वेळापत्रक सुटल्यामुळे शिवारात बाराही महिने कोठे ना कोठे हिरवे भात उभे राहिले. तपकिरी तुडतुड्यांस अन्नाचा खंड पडेनासा झाला व त्यांनी मोठे नुकसान केले. त्यांस दाद न देणारी जात आणली, तर तिच्यावर टुंग्रो हा विषाणुजन्य रोग पडला. पाण्याच्या पाळ्याही विस्कटल्या. सल्ला देणारे जाणकार होते, बियाणेही चांगले होते. मात्र जुनी लावणी अशी का होते, हे विचारावयाचे राहून गेले.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी या प्रश्नाचा दीर्घ अभ्यास केला. त्यांनी व जेम्स क्रेमर यांनी दोन नद्यांवरील १७२ सुबकांचे गणित संगणकावर मांडून ते इ. स. १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील मुख्य मुद्दा शेतकऱ्यांस सहज पटण्याजोगा आहे. सर्वांनी एकाच वेळी लावणी केली तर कापणीनंतर सर्व शिवार एकदम मोकळे होते आणि किडीची उपासमार होते; पण मग पाणीही सर्वांस एकाच वेळी लागते. प्रत्येकाने निरनिराळ्या वेळी लावणी केली तर पाणी पुरते, पण कीड मरत नाही. या दोहोंचा मेळ शेजारी-शेजारी सुबकांचा एकेक गट धरल्याने बसतो. वरच्या अंगाचा शेतकरी खालच्यास पाणी सोडतो, त्यामागे केवळ भलेपणा नाही. खालच्याची लावणी लांबली, तर त्याच्या खाचरातील कीड वर चढते, हे त्यास ठाऊक असते.

याच कारणासाठी आपल्याकडील कापसाचा प्रश्न येथे आठवतो. इ. स. २०१७च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने महाराष्ट्रात मोठे नुकसान केले. फरदड न ठेवता डिसेंबरअखेर कापूस काढून टाकावा आणि हंगामपूर्व लागवड टाळावी, ही शिफारस अळीच्या अन्नात खंड पाडण्यासाठीच आहे. एका शेतकऱ्याने ती पाळली आणि बांधापलीकडील शेतात फरदड उभी राहिली, तर पाळणाऱ्याचा लाभ पुष्कळसा वाया जातो. म्हणून कृषी सहायकाने हा विषय घरोघर सांगण्यापेक्षा ग्रामसभेत मांडावा, आणि शिवाराची एक तारीख ठरवून घ्यावी. मावळात भात कापल्यावर धसकटे गाडण्याचे कामही गावाने मिळून केल्यास खोडकिड्याचा उपद्रव कमी होतो.

सुबकांच्या भातखाचरांस इ. स. २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तरीही पर्यटकांसाठी उठणाऱ्या इमारती खाचरे गिळीत आहेत. फडांचेही बळ घटले आहे. नद्यांवर धरणे झाली, विहिरी वाढल्या, आणि ज्याच्या विहिरीस पाणी आहे त्यास फडाच्या शिस्तीची गरज वाटेनाशी झाली. पवनेचे पाणी पिणाऱ्या पिंपरी-चिंचवडच्या वसाहतींतही शेतजमिनीचा कारखान्यांकडे व घरांकडे गेलेला प्रवास डोळ्यांपुढे आहे.

महाराष्ट्रात इ. स. २००५च्या अधिनियमाने कालव्यांवरील पाणीवापर संस्थांस पाणी मोजून घेण्याचा व आपसांत वाटण्याचा अधिकार दिला आहे. अशी संस्था जेथे स्थापन होत असेल, तेथे पाळीपत्रकाबरोबर पिकांचे पत्रकही त्याच बैठकीत तयार करावे. कोणते पीक, कोणत्या चारीवर, कोणत्या आठवड्यात, आणि शिवार मोकळे केव्हा राहणार, हे पहिल्या आवर्तनापूर्वी लिहून चावडीवर लावावे. चारीच्या शेपटाकडील शेतकऱ्यांस या बैठकीचे बोलावणे आधी पाठवावे.