समान नावे, भिन्न व्यक्ती : इटलीतील ‘पाओलो’

विशेषनाम विशिष्ट व्यक्तीचा निर्देश करते, हे आपण व्याकरणात पाहिले. मात्र एकच नाव अनेकांचे असेल, तर हा निर्देश संदर्भावाचून अपुरा राहतो. ‘रोस्सी’ हे इटलीतील अतिप्रचलित आडनाव आहे. आपण ‘अमुक-तमुक’ म्हणतो, तेथे इटालियन माणूस ‘मारिओ रोस्सी’ म्हणतो. १९८२च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध तीन गोल करणारे पाओलो रोस्सी (१९५६–२०२०) फुटबॉलपटू होते. दुसरे पाओलो रोस्सी (१९२३–२०१२) विज्ञानाचे इतिहासकार आणि फ्रान्सिस बेकनचे अभ्यासक. सूचीतील वर्षे न पाहता संदर्भ देणारा विद्यार्थी बेकनवरील ग्रंथ सहज खेळाडूच्या नावावर घालील.

व्हेनिसचे पाओलो सार्पी (१५५२–१६२३) यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यांचे जन्मनाव पिएत्रो. सर्व्हाइट धर्मसंघात प्रवेश केल्यावर ते ‘पाओलो’ झाले. पुढे पोपसत्तेविरुद्ध त्यांनी व्हेनिसची बाजू मांडली. १६०७ मध्ये त्यांच्यावर प्राणघातक हल्लाही झाला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेचा त्यांनी लिहिलेला इतिहास १६१९ मध्ये लंडनला छापला गेला, तो ‘पिएत्रो सोआव्हे पोलानो’ या नावाने. ‘पाओलो सार्पिओ व्हेनेतो’, म्हणजे व्हेनिसचा पाओलो सार्पी, यातील रोमन अक्षरे फिरवून हे नाव सिद्ध होते. लपवणारे नावच, जाणत्या वाचकासाठी, ओळख सांगत होते! त्यात सोडून दिलेले ‘पिएत्रो’ही परतले आहे.

स्वयं-अध्ययन : एकाच नावाचे दोन मराठी लेखक शोधा. त्यांच्या ग्रंथनोंदी कोणत्या तपशिलाने वेगळ्या ओळखता येतात, ते लिहा.