लेकीची लग्नाची सकाळ

तिथी निघाली, कार्यालयाला विसार दिला, बस्ता बांधून झाला, पत्रिका वाटायला घेतल्या. या धावपळीत असलेल्या आई-बाबांनो, तुमच्याशी जरा निवांत बोलायचं आहे. आचारी, मांडव, फेटे, पाण्याचे जार, आहेराच्या साड्या, मामाचा मान हे सगळं तुम्ही लिहून ठेवलं असेल. एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत लिहायची राहते. लग्नाच्या दिवशी पहाटेपासून अक्षता पडेपर्यंत तुमची लेक कशी असेल? तिची झोप झालेली असेल का? तिच्या पोटात चार घास गेलेले असतील का? तिच्याजवळ तिच्या हक्काचं कुणी बसलेलं असेल का?

आपल्या बीड जिल्ह्यात लग्नघरातली सकाळ कशी असते ते तुम्ही जाणता. हळद आदल्या रात्री उशिरापर्यंत, नाहीतर त्याच दिवशी नऊला कार्यालयात. पत्रिकेवर मुहूर्त साडेबाराचा. त्याच सुमाराला परण्या मारुतीच्या देवळाकडं निघतो, डीजेपुढं पोरं नाचतात. मांडवात आल्यावर पुढाऱ्यांचे सत्कार आणि आशीर्वादाची भाषणं. अक्षता पडायला दीड-दोन वाजतात. तोवर नवरी एका खोलीत जरीचा शालू नेसून, मुंडावळ्या बांधून बसलेली. मेकअप जाईल म्हणून घामही पुसता येत नाही. खोलीत पाव्हण्यांच्या पिशव्या, पेंगुळलेली लेकरं, आणि घडीघडीला दार ढकलून कुणीतरी तिलाच विचारतंय, "अगं, कपाटाची चावी कुठंय? आत्याची साडी कोणत्या पिशवीत ठेवली?" ज्या दिवशी तिनं कशाचीच काळजी करू नये, त्याच दिवशी घरभराची काळजी तिच्यासमोर येऊन उभी राहते.

म्हणून सांगते, ही सकाळ सुखाची होणं नवरीच्या हातात नसतं. ते तुमच्या हातात असतं, आणि त्यातलं बरंचसं काम लग्नाच्या कितीतरी आधी करून ठेवावं लागतं.

सगळ्यात आधी वयाचं बोलू. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या 20 ते 24 वर्षांच्या बायकांपैकी सुमारे 44 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्यात हे प्रमाण सुमारे 22 टक्के होतं. कारण आपल्यापासून लपलेलं नाही. दसरा-दिवाळी झाली की हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायची की फडावर कोपीत न्यायची, या धास्तीनं आईबाप तिचं लग्न उरकून टाकतात. धास्ती खरी आहे, पण तिची किंमत लेकराकडून वसूल करू नका. पंधरा-सोळाच्या पोरीला कितीही सजवलं, कितीही समजावलं, तरी ती सकाळ तिच्यासाठी सुखाची होत नाही. 2006 च्या कायद्यानं मुलीचं वय 18 आणि मुलाचं 21 पूर्ण हवं. बालविवाह लावून देणाऱ्यांना 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नातलगांचा दबाव येत असेल तर ग्रामसेवकाला गाठा किंवा 1098 वर फोन लावा. ही मदत पोरीइतकीच तुमच्यासाठीही आहे.

वय झालं असेल तरी तिची मर्जी विचारायची राहतेच. चार माणसांत विचारलंत तर ती मान हलवणारच. आईनं तिला एकटीला घेऊन, पाव्हणे गेल्यावर, निवांत विचारावं. तिनं "बघू" म्हटलं तर तो होकार समजू नका. सुपारी फुटण्याआधी आलेला नकार घराला पेलतो. मनातली नाराजी दाबून ठेवली तर ती लग्नाच्या सकाळी डोळ्यांतून बाहेर येते आणि बघणारे म्हणतात, माहेर सुटतंय म्हणून रडते.

कारखान्याचा पट्टा पडला की माणसं मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात आणि लग्नं चैत्र-वैशाखात धरली जातात. आईबाप जेमतेम घरी टेकतात तोच मांडव उभा राहतो. मधले पाच-सहा महिने लेकीनं आजीला आणि धाकट्या भावंडांना एकटीनं सांभाळलेलं असतं. तुमचं घर असं असेल तर मोठे निर्णय फडावर असतानाच फोनवर तिच्याशी बोलून करा, आणि घरी आल्यावर पहिले दोन दिवस लग्नाच्या कामाला हात लावू नका. त्या दोन दिवसांत तिच्याजवळ बसा. सहा महिन्यांचं बोलणं साठलेलं असतं.

आता वेळेचं. उशिराचा सगळ्यात जास्त जाच नवरीला होतो, आणि उशीर टाळायची जागा म्हणजे दोन्हीकडच्या मंडळींची बैठक. देण्या-घेण्याचं, मानपानाचं बोलणं तिथं तासन् तास चालतं, वेळेचं कुणी काढत नाही. तुम्ही काढा. "पाव्हणं, वैशाखाचं ऊन आहे. परण्या अकराला काढू. सत्कार आणि भाषणं अक्षता पडल्यावर जेवणाच्या वेळी ठेवू. आमच्याकडून मिनिटाचा उशीर होणार नाही." गोड बोलून सांगितलेलं व्याही ऐकतात, कारण त्यांच्याही घरची म्हातारी माणसं त्याच उन्हात बसणार असतात. हे वाचणारे तुम्ही मुलाचे आई-बाबा असाल, तर तुमच्या घरात येणाऱ्या सुनेला पहिली भेट वेळेवर निघणाऱ्या परण्याची द्या.

हळदीचं वेगळं सांगते. आदल्या दिवशी चार-पाचला सुरू करून दिवेलागणीला संपवली तर नवरीला अंघोळ, जेवण आणि पुरी झोप मिळते. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही. पोरांना नाचायचं असेल तर त्यांना संध्याकाळ द्या. दहानंतर डीजे बंद, हे मुलीच्या बापानं स्वतः उभं राहून सांगावं. रात्री आईनं तिच्या खोलीचं दार लावून घ्यावं आणि पाव्हण्यांची निजायची सोय दुसरीकडं करावी.

वेळेवरून आपल्याच जिल्ह्यातली कथा आठवते. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाच्या दगडी मूर्ती झाल्या, असं लहानपणापासून आपण ऐकत आलो. या कथेचा धाक पुष्कळ घरांत असतो. घड्याळ जरा पुढं सरकलं की म्हाताऱ्या बायका कुजबुजतात, "मुहूर्त टळला, काही खरं नाही." ते नवरीच्या कानावर जातं आणि तिच्या पोटात गोळा येतो. पण पुढचं बघा ना. जिचा मुहूर्त टळला ती योगेश्वरी आजही अंबाजोगाईत आहे, कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी आहे, मार्गशीर्षात तिच्या नवरात्राला माणसांची रीघ लागते. टळलेल्या मुहूर्तानं तिचं काही उणं झालं नाही. म्हणून वेळ पाळण्यासाठी जिवाचं रान करा, आणि एवढं करूनही वीस मिनिटं इकडंतिकडं झाली तर नवरीसमोर कुणी अभद्र बोलणार नाही याची काळजी घ्या. तिच्या खोलीत त्या दिवशी शुभच बोलायचं, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं सगळ्यांना आधीच बजावून ठेवावं.

कामं माणसांवर सोपवा, आणि नाव घेऊन सोपवा. "सगळ्यांनी बघा" म्हटलं की कुणीच बघत नाही. चाव्या आणि पैसे मामाकडं. आचारी आणि पंगत चुलत्याकडं. आहेर आणि नावांची वही आत्याकडं, पिशव्यांवर आधीच चिठ्ठ्या लावून. नवरीचा फोन एखाद्या मैत्रिणीकडं द्या, म्हणजे "कार्यालय कुठं आलं?" असं विचारणाऱ्यांना ती उत्तर देईल. नवरीच्या खोलीच्या दाराशी एक ठाम बाई बसवा. मावशी असेल तर उत्तम, तिला कुणी नाही म्हणत नाही. आत कोण जाईल ते नवरीला विचारून आदल्या दिवशीच ठरवा. साडी नेसवणारी, करवली, आई आणि एखादी जिवाभावाची मैत्रीण एवढी माणसं पुरेत.

आणि करवलीजवळ एक छोटी पिशवी द्या. तिच्यात सेफ्टी पिना, सुई-दोरा, टिकल्या, हातरुमाल, पातळ नॅपकिन, कंगवा, सॅनिटरी पॅड, रोजची गोळी असेल तर ती, आणि पाण्याची बाटली. शालूची निरी सुटली, चुड्याची बांगडी पिचकली तर धावाधाव होत नाही. कासाराकडून चुडा भरताना दोन बांगड्या जास्तीच्या मागून ठेवा.

आता तिच्या जिवाचं. लग्न लागेपर्यंत नवरीनं उपाशी राहायचं, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. रात्रभर जागलेली, सकाळपासून उपाशी, अंगावर जरीचं ओझं, वर पत्र्याचा मांडव आणि हळूच दिलेला एक चहा. मंगलाष्टकांत नवरीला भोवळ आली की लोक दृष्ट लागली म्हणतात. बहुतेक वेळा ती भूक असते आणि उन्हाचा तडाखा असतो. देवाला हात जोडा, दूध-फळांना परवानगी मागा, पण तिला खाऊ घाला. सकाळी उठल्यावर दहीभात किंवा उपमा, मग दर तासाला थोडं थोडं पाणी किंवा ताक. लघवीला जावं लागेल म्हणून पोरी पाणीच पीत नाहीत. कार्यालय बघायला जाल तेव्हा नवरीच्या खोलीला लागून स्वच्छ बाथरूम आहे का, कूलर चालतो का, लाइट गेली तर जनरेटर त्या खोलीला जोडलाय का, हे आधी बघा, स्टेज नंतर बघा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली भरून ठेवा. चमचा चहाचा घ्या.

हळद घरी कुटलेली किंवा खात्रीची घ्या. भडक रंगाच्या सुट्या पावडरीनं अंगाची आग होते. काळी मेंदी लावू नका. तिच्यात केस काळे करायचं रसायन असू शकतं आणि त्यानं हातावर फोड येतात. चेहऱ्याला नवीन क्रीम लावायचं असेल तर पंधरा दिवस आधी कानामागं लावून बघा. पाळीची तारीख लग्नाच्या आसपास येत असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका, त्या प्रत्येकीला चालत नाहीत. आणि पाळी आलीच तर आईनं तिला जवळ घेऊन एवढंच म्हणावं, "काही बिघडलं नाही, बाळा. अक्षता तुझ्यावरच पडणार आहेत."

पैशाचं बोलल्याशिवाय हे हितगुज पुरं होणार नाही. मुकादमाची उचल, सावकाराचे पैसे, गहाण पडलेलं रान हे लेकीला कळत नाही असं समजू नका. रात्री आई-बाबांचं हळू आवाजातलं बोलणं भिंतीपलीकडं तिनंच ऐकलेलं असतं. अंगावर दागिना चढतो तेव्हा त्यामागचं कर्ज तिला दिसतं, आणि हसऱ्या फोटोतही तिचे डोळे बापाकडं लागलेले असतात. हुंडा देणं आणि घेणं 1961 पासून गुन्हा आहे. तो गाडीच्या नावानं मागितला तरी गुन्हाच. तुमच्या ऐपतीत, दोनशे माणसांत, गावच्या देवळापुढं लावलेलं लग्न तिला जास्त हलकं वाटेल. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुढाकारानं 25 डिसेंबर 1873 रोजी पहिला सत्यशोधक विवाह झाला, तो असाच साधा होता. त्या साधेपणात नवरा-नवरीचा मान वाढलाच.

शेवटचं आणि सगळ्यात सोपं. त्या सकाळी पंगत, पाव्हणे, पार्किंग यांच्यातून अर्धा तास काढा आणि तो फक्त तिला द्या. आईनं तिची वेणी घालावी. बापानं शेजारी बसून तिच्या हातात फुलपात्र द्यावं आणि "नीट राहा, सासरी नाव काढ" हे त्या वेळी बोलू नये. त्यापेक्षा म्हणावं, "हे घर तुझंच आहे. कधीही ये, कारण सांगायची गरज नाही." सासरी जाणाऱ्या पोरीला या वाक्याचा जेवढा आधार होतो तेवढा दहा तोळ्यांचा होत नाही. आणि म्हणाल तर ते पुढं निभवा, कारण ती खरंच येईल तेव्हा शेजारी काय म्हणतील याचा विचार तुमच्या दारात उभा असेल.

तेव्हा आज रात्री जेवणं झाल्यावर तिघं बसा. तिला विचारा: त्या दिवशी तुला जवळ कोण हवं? काय खावंसं वाटेल? कशाची भीती वाटते? कोणता कार्यक्रम नको वाटतो? मधे न बोलता ऐका. जे बदलता येईल ते उद्याच व्याह्यांना आणि मामाला कळवा, आणि जे बदलता येणार नाही ते का येणार नाही, हे तिला प्रेमानं सांगा.