उठावशिल्प : सावलीने दिसणारे चित्र



आजचा पाठ चौथी-पाचवीच्या मुलांसाठी आहे, पण आधी तुम्हीच एक कृती करा. खिशातले एखादे नाणे काढा, डोळे मिटा आणि त्यावरून बोट फिरवा. सिंह बोटाला लागतात ना? पण नाणे उलटे करून त्या सिंहांची पाठ बघता येते का? नाही. कारण ते सिंह मागच्या सपाट भागालाच चिकटलेले आहेत, त्यातून जरासे वर उठलेले. यालाच उठावशिल्प म्हणतात.

आता तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आठवा. त्याला चारही बाजूंनी बघता येते. ते झाले पूर्ण शिल्प.

उठाव किती?

आकृती पृष्ठभागातून थोडीच वर आली असेल तर तो कमी उठाव, म्हणजे अल्पोत्थित शिल्प. बरीच बाहेर आली असेल तर जास्त उठाव. आपल्या जिल्ह्यातच, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर मार्कंडा मंदिरसमूह आहे. तिथे भिंतींवरच्या मूर्ती चांगल्या बाहेर आलेल्या दिसतात, तर नक्षीच्या पट्ट्यांवरचे काम उथळ आहे. सहल गेली तर मुलांना दोन्ही शोधायला लावा. चंद्रपूरच्या गोंडकालीन किल्ल्याच्या दरवाज्यांवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे, ते गोंड राजांचे चिन्ह. वेरूळच्या कैलास लेण्यात (क्रमांक 16) रामायण-महाभारताचे प्रसंग एकाखाली एक ओळींत कोरले आहेत, अगदी चित्रकथेसारखे.

खरे काम सावलीचे

मुलांना हमखास विचारा : रंग नसताना दगडावरचे चित्र दिसते कसे? उत्तर आहे, सावली. सकाळ-संध्याकाळ ऊन तिरपे येते, तेव्हा प्रत्येक कडेजवळ बारीक सावली पडते आणि चित्र उठून दिसते. समोरून सरळ उजेड पडला की तेच चित्र सपाट वाटते. प्राचीन इजिप्तमधल्या कारागिरांनी कडक उन्हातल्या बाहेरच्या भिंतींसाठी वेगळीच युक्ती केली. आकृतीची कडाच दगडात खोल कोरली, म्हणजे भर उन्हातही रेषेत सावली राहते.

माझी चूक

हे मला डी.एड.ला कोणी शिकवले नव्हते. मी चुकून शिकले. माझ्या आधीच्या शाळेच्या गावात झाडाखाली एक वीरगळ होता. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराची आठवण. तो बहुधा खालून वर वाचायचा : खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि टोकाला चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर त्याची कीर्ती राहील.

स्वच्छता मोहिमेत आम्ही तो दगड धुतला आणि हौसेने त्याला चकचकीत ऑइलपेंट लावला. फोटोही काढले. दुसऱ्या दिवशी चौथीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, घोडा कुठं गेला जी?"

मी वाकून बघितले. खरंच घोडा दिसेना. कोरीव काम जेमतेम बोटाच्या नखाएवढे खोल होते. रंगाने बारीक रेषा बुजल्या आणि चकाकीमुळे सावली मोडली. शेकडो पावसाळे टिकलेले चित्र आम्ही एका दुपारी झाकून टाकले. आता रंग खरवडायचा तर दगडही झिजणार. ते काम जाणकारांचेच.

वर्गात घ्या हे उपक्रम

1. नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. उंच भाग गडद उमटतो. (हा प्रयोग फक्त नाण्यावर, झाडाच्या पानावर करा. जुन्या मूर्तीवर नको.)
2. ओल्या मातीची बोटभर जाड पाटी करा. त्यावर बैल काढून भोवतीची माती काडीने हळूहळू काढा. बैल आपोआप वर येतो.
3. पाटी वाळली की खोली अंधारी करा. टॉर्च आधी समोरून धरा, मग बाजूने. मुलांचे "अरे वा!" ऐकण्यासारखे असते.
4. शेवटी एका पाटीवर जाड रंगाचे दोन-तीन हात द्या आणि पुन्हा टॉर्च धरा. काय हरवले ते मुलेच सांगतील.

पालकांना विनंती

आरमोरी परिसरात देवळाजवळ, बांधावर, झाडाखाली असा कोरीव दगड दिसला तर शेंदूर, चुना, ऑइलपेंट लावू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. सकाळच्या उन्हात मुलांना घेऊन जा, बाजूला उभे राहा आणि विचारा, "काय काय दिसते?"

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. तुमच्या मुलांवर तो प्रश्न विचारायची वेळ येऊ देऊ नका.